सकाळचा याकोब, संध्याकाळचा एसाव

आमच्या मास्तरांनी पवित्र शास्त्रातली एकही गोष्ट एका बैठकीत पुरी केली नाही. अर्धी सकाळी सांगायचे आणि अर्धी संध्याकाळी. सकाळचा माणूस संध्याकाळी येऊ शकत नाही हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तसं करायचे.

सुरतेत आमची मराठी मंडळी म्हणजे मूठभर घरं. कुणी जालन्याकडचं, कुणी नगरकडचं. राहायला गोडादऱ्यात नाहीतर नवागामात, आणि पोटापाण्याला सगळे लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात. लूमला रविवार कळत नाही. रात्रपाळीचा कारागीर सकाळी सुटतो तेव्हा दिवसपाळीचा त्याच मशीनवर उभा राहतो, आणि संध्याकाळी उलट. त्यामुळे आमच्याकडे उपासनाही दोन. नवागामात पिठाच्या गिरणीवर एक पत्र्याची खोली भाड्याने घेतलेली होती. मोठ्या चर्चचे पाळकसाहेब तिथे महिन्यातून एकदा यायचे. बाकीच्या रविवारी मास्तर.

मास्तर काही पगारी उपदेशक नव्हते. म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेतून रिटायर झालेले, उंच, सडसडीत, शर्टाचं वरचं बटण मे महिन्यातही लावलेलं. दुसरा कुणी असता तर त्याने एकच संदेश दोनदा दिला असता आणि घरी जाऊन जेवला असता. मास्तरांनी सुरुवातीला तसंच केलं. मग एका रविवारी म्हणाले, "तेच ते दोनदा सांगायला लागलो की दुसऱ्यांदा मलाच झोप येते." त्या दिवसापासून त्यांनी गोष्ट मधोमध कापायला घेतली. सकाळी प्रश्न, संध्याकाळी उत्तर. सकाळचे लोक प्रश्न घेऊन गावभर हिंडायचे, आणि संध्याकाळच्या लोकांकडे असं उत्तर असायचं की ज्याचा प्रश्न काय होता ते त्यांना माहीत नसायचं.

दोन्ही उपासनांना येणाऱ्यावर मास्तर सक्त नजर ठेवून असत. बायकापोरांनी आपापल्या घरच्या त्या आठवड्याच्या पाळीप्रमाणे यायचं. माझी आई एकदा संध्याकाळी पुन्हा जिना चढून गेली, तर तिला दारातच अडवलं. "सकाळी जेवलात ना ताई? मग आता दुसऱ्यांना वाढू द्या." आई आठवडाभर रागात होती. प्रश्न मात्र तिने सोडला नाही. पाण्याच्या टँकरपाशी तिने एका संध्याकाळवालीला गाठलं आणि तिची कळशी धरून ठेवून उत्तर काढून घेतलं.

सकाळच्या उपासनेला आमेन नसायचं, कारण मास्तरांच्या मते गोष्ट संपलेली नसायची. आमच्यात एक म्हातारी आत्या होती, तिचा मुलगा सदानकदा रात्रपाळीला, म्हणून ती कायम सकाळची. ती एकदा भर मंडळीत उठली. "मास्तर, आमेन द्या. मी अशीच मेले तर वर काय सांगू?" मास्तर म्हणाले, "आत्या, वर गेल्यावर सांगा की आमेन तिकडे घ्यायला आलेय." आत्या हसत खाली बसली खरी, पण घरी जाताना जिन्यातच स्वतःपुरतं आमेन म्हणून घेतलं.

आता हे सगळं लहरीपणाचं वाटेल. मलाही वाटायचं. पण पाळी बदलताना कारखान्यात काय चालायचं ते पप्पा घरी येऊन सांगत, आणि ते ऐकण्यासारखं असे. एकदा मास्तरांनी नोहाच्या तारवाची गोष्ट घेतली आणि सकाळी एवढंच विचारून थांबले: तारू नोहाने बांधलं, जनावरं नोहाने भरली, मग दार तेवढं बाहेरून देवाने का लावलं? नोहाला काय हात नव्हते? त्या संध्याकाळी पाळी बदलताना रात्रपाळीचे लोक हा प्रश्न कानाशी तोंड नेऊन एकमेकांना ओरडून विचारत होते, कारण लूम चालू असले की साधं बोलणं ऐकूच येत नाही. पप्पांच्या शेजारच्या मशीनवर एक खानदेशी भाऊ होता. हिंदू माणूस, आमच्याच गल्लीतला. त्याचा चर्चशी काही संबंध नाही, पण दर सोमवारी तो पप्पांना गाठायचा. "आज काय सवाल शे तुमना मास्तरना?" शेठ गुजराती. तो लांबूनच हात करून आधी कामाकडे बघायला सांगायचा, "अरे भाई, पहेलां मशीन जुओ, दरवाजो पछी."

नोहाचं उत्तर दुसऱ्या दिवशी दिवसपाळीवाल्यांनी आणलं. दार नोहाने लावलं असतं, तर पाणी चढल्यावर शेजाऱ्यांनी हाका मारल्या तेव्हा त्याने उघडलं असतं. आणि उघडलं नसतं, तर 'मी उघडलं नाही' हे ओझं घेऊन तो जन्मभर जगला असता. ते ओझं देवाने त्याच्यावर टाकलं नाही, स्वतःकडे घेतलं. खानदेशी भावाने हे कान देऊन ऐकलं. मग म्हणाला, "भारी सांगं रे भो," आणि तुटलेला धाग्याचा तार जोडायला वाकला.

असे किती प्रश्न. योना देवाचं ऐकत नव्हता आणि मासा एका हाकेत आला, तर दोघांत संदेष्टा कोण? मेलेल्या लाजराला उठवण्याचं सामर्थ्य ज्याच्याकडे होतं, त्याने अंगावरच्या पट्ट्या सोडायला लोकांना का सांगितलं? या दुसऱ्याचं उत्तर मला फार आवडतं. जिवंत करणं देवाचं काम, पण गुंडाळलेलं सोडवणं शेजाऱ्यांचं. ते काम देव करत बसत नाही, कारण मग शेजाऱ्यांना काय उरलं?

पाळकसाहेबांच्या कानावर हे गेलंच. ते म्हणाले, "मास्तर, लोकांना अर्धपोटी घरी पाठवू नका." मास्तर हात जोडून म्हणाले, "साहेब, प्रभूनेही दाखला चारचौघांत सांगितला आणि अर्थ घरी गेल्यावर सांगितला. माझ्या लोकांचं घर म्हणजे कारखाना." पाळकसाहेबांनी जाताना जिन्यात मला हळूच विचारलं, "या रविवारचा प्रश्न काय होता गं?"

मास्तरांची आणखी एक खोड सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. संदेश देताना ते डोळे मिटत, ते थेट बसेपर्यंत. कारण विचारलं तर सांगत की शाळेत डोळे उघडे ठेवून शिकवलं आणि ज्यांना समजतंय असं चेहऱ्यावर दिसायचं त्यांनाच नकळत शिकवत गेलो. मागच्या बाकावरचे तसेच राहिले. आता कोण बसलंय ते बघतच नाही.

आमच्या घरात तेव्हा एक भांडण मुक्कामाला होतं. पप्पा आणि काका सख्खे भाऊ, एकाच कारखान्यात, त्याच मशीनवर, एक दिवसा आणि एक रात्री. एकदा कापडाच्या एका ताक्यात लांबलचक खोट निघाली. तार कुणाच्या पाळीत तुटला ते सांगता येईना. शेठने ताका पप्पांसमोर पसरला, आणि पप्पा सगळ्यांदेखत बोलून गेले, "रात्री झोपा काढतो ह्यो." काका म्हणाले, "आजपासून मला भाऊ नाही." झालं. त्यानंतर दोघं रोज सकाळ-संध्याकाळ त्या मशीनपाशी एकमेकांसमोरून जात, पण शब्द नाही. मशीनमध्ये कुठे बघायला हवं ते खडूची फुली मारून सांगायचे. इकडे आम्ही घरातले, तिकडे काकूच्या माहेरचे, सगळ्यांनी ते भांडण तेलपाणी घालून चांगलं पोसलं.

आणि त्यात माझ्या ताईचं लग्न ठरलं. ताईला लहानपणी काकांनी खांद्यावर घेऊन सगळी सुरत दाखवलेली. तिने पप्पांना सरळ सांगितलं, "काका नसतील तर मी चर्चची पायरी चढणार नाही. नवऱ्याकडच्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा." पप्पा म्हणाले, "त्याने यावं. दार मी लावलंय का?" काकांचा निरोप आला की बोलावल्याशिवाय कुत्रंसुद्धा येत नाही. लग्न तोंडावर आलं, पत्रिका वाटून झाल्या, आणि काकांची पत्रिका आमच्या फ्रिजवर तशीच पडून राहिली.

ताई रडत मास्तरांकडे गेली. मास्तर घरगुती भांडणात उपदेश कधीच करत नसत. म्हणाले, "मी दोघांशी काही बोलणार नाही. येत्या रविवारी याकोब आणि एसाव घेतो." काका तेव्हा रात्रपाळीला होते, म्हणजे सकाळचे. पप्पा संध्याकाळचे. धाकट्या भावाने मोठ्याला लुबाडलं, पळून गेला, खूप वर्षांनी परत निघाला आणि भीतीने अर्धा झाला, हा याकोबाचा भाग सकाळी धाकट्याला. एसाव धावत येऊन भेटला, हा भाग संध्याकाळी मोठ्याला. बेत चोख होता. ताईने घरी येऊन मला सांगितलं आणि आम्ही दोघी प्रार्थनेला बसलो.

शनिवारी कारखान्यातले रात्रीचे काही कारागीर अचानक गावी निघून गेले, आणि शेठने पाळ्या उलटसुलट केल्या. पप्पा रात्री गेले, काका दिवसा. ही खबर मास्तरांना कुणीच दिली नाही. ताई आणि मी घाईघाईने जिना चढलो तेव्हा उपासना सुरू झाली होती आणि मास्तरांचे डोळे मिटलेले होते.

त्या सकाळी मास्तर काय बोलले! याकोबाने निरोप्ये पाठवले, आणि ते परत येऊन म्हणाले, तुझा भाऊ चारशे माणसं घेऊन निघालाय. याकोबाने भीतीने आपल्या माणसांच्या दोन टोळ्या केल्या. "बघा, पाळ्या तेव्हाही दोनच," मास्तर म्हणाले आणि लोक हसले. मग त्याने शेळ्या पुढे पाठवल्या, मेंढ्या पाठवल्या, उंट पाठवले, आणि स्वतः सगळ्यांच्या मागे राहिला. "माणूस वस्तू पुढे पाठवतो आणि तोंड मागे ठेवतो, तेव्हा तो गर्विष्ठ असतो का? शेवटी रात्रभर देवदूताशी झुंजून लंगडत पुढे आला, आणि सात वेळा भुईपर्यंत वाकला. इथे थांबतो."

मास्तरांनी डोळे उघडले. समोर पहिल्या रांगेत पप्पा. मास्तरांचा चेहरा असा झाला की मला ऐन उपासनेत हसू आलं आणि ताईने चिमटा काढला.

पप्पा घरी येऊन न झोपता खाटेवर बसून राहिले. मग आईला म्हणाले, "तो भ्येत असंल का गं?"

"कोण?"

"याकोब," पप्पा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

संध्याकाळी मास्तरांना भाग बदलता आला असता. पण तसं केलं असतं तर बाकीच्या मंडळीत दोन्हीकडे एकच अर्धी गोष्ट गेली असती, आणि एसाव कुणालाच मिळाला नसता. मंडळी काही दोन भावांपुरती नव्हती. तेव्हा त्यांनी एसावच सांगितला, समोर काका बसलेले असताना. काकूने तो पुढे ताईला फोनवर ऐकवला. मोठा भाऊ धावत आला, गळ्यात पडला, दोघं रडले. आणि शेवटी मास्तरांनी एक प्रश्न टाकला, जो ते संध्याकाळी कधी टाकत नसत. एसावाबरोबर चारशे माणसं लढाईला म्हणून आली होती. एसाव धावत सुटला तेव्हा त्या चारशेंनी काय केलं? "मला ठाऊक नाही," मास्तर म्हणाले. "शास्त्र सांगत नाही. मी विचार करतोय."

आता हल्ली मास्तर मुलीकडे नाशिकला असतात, आणि तिकडे लोकांना सांगतात म्हणे की माणसाने आपला भाग ऐकू नये, दुसऱ्याचा ऐकावा, म्हणून मीच मुद्दाम तसं केलं. थापा. मी त्या सकाळी त्यांचा चेहरा बघितलाय. आणि दुसऱ्याचा भाग ऐकल्यावर पहिल्यांदा काय होतं, तेही बघितलंय.

सोमवारी सकाळी पाळी बदलताना काका कारखान्याच्या दारात येऊन उभे राहिले. उभेच राहिले. त्यांनी ऐकलं होतं की मोठा भाऊ धावत येतो, म्हणून ते वाट बघत होते. पप्पा मशीनपाशी उभे. त्यांनी ऐकलं होतं की धाकटा सात वेळा वाकतो, म्हणून तेही वाट बघत होते. दोन्ही पाळ्यांचे लोक मधे उभे राहून कधी इकडे, कधी तिकडे बघत होते. शेवटी शेठ कावला. काका मान खाली घालून आत आले, पप्पा मान वर करून बाहेर गेले. घरी येऊन म्हणाले, "वाकला नाही." तिकडे काका काकूला म्हणाले, "हलला नाही."

ताईने मास्तरांना हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीत बसले. "दोघांना एकमेकांची कर्तव्यं शिकवली मी," म्हणाले. "हे तर त्यांना आधीपासून पाठ होतं."

आमच्या भागात आठवड्यातून एक दिवस पॉवरची सुट्टी असते, त्या दिवशी लूम बंद आणि अख्खी गल्ली घरी. त्या दुपारी मास्तर सायकलवरून आमच्या दारात आले. पप्पा बनियन-लुंगीवर खाटेवर लोळत होते. मास्तर आत आले नाहीत, पाणी घेतलं नाही. उंबऱ्यात उभे राहून त्यांनी डोळे मिटले आणि संध्याकाळचा अर्धा भाग एका माणसासाठी पुन्हा सांगितला. जन्मात पहिल्यांदा.

"एसाव मोठा होता. लुबाडलं त्यालाच होतं. समोर भाऊ लंगडत, वाकत येत होता. सातवा नमस्कार पुरा होईपर्यंत एसाव जागेवर उभा राहिला असता तर त्याला कुणी नाव ठेवलं नसतं. तो त्याचा हक्क होता. पण तो धावला. मोठ्या माणसाला धावणं शोभत नाही, धावताना कुणी मोठं दिसत नाही. तेवढ्यासाठीच तो धावला." मास्तरांनी डोळे उघडले. "येतो. दुसऱ्या घरी याकोब पोचवायचाय." आणि सायकल नवागामच्या दिशेने गेली.

आई भांडी घासत होती, ती थांबली नाही, पण आवाज कमी केला. थोड्या वेळाने ताई खिडकीतून म्हणाली, "पप्पा, काका आलेत. पानाच्या गल्ल्याआड, त्या टपरीमागे उभे आहेत. मघाचे उभे आहेत. येत नाहीयेत."

पप्पा उठले. दारापर्यंत चालत गेले. पायरीवर एक क्षण थांबले आणि मग जे धावत सुटले! पायात चप्पल नाही, एका हाताने लुंगी धरलेली, पोट पुढे. माझ्या आयुष्यात मी पप्पांना तोवर धावताना बघितलं नव्हतं. गल्लीनेही नसावं. असा माणूस असा धावतो म्हणजे कुठेतरी आग लागली असणार, नाहीतर कुणाला गाडीने उडवलं असणार, असं समजून ओट्यावरचे लोक उठून मागे धावले. त्यांना बघून घरातले धावले. खानदेशी भाऊ पाण्याने भरलेली बादली घेऊन धावला. एकाने उगाच काठी घेतली. आम्ही दोघी बहिणी त्या लोंढ्यात.

आता काकांना काय दिसलं असेल ते बघा. मोठा भाऊ अंगावर येतोय आणि त्याच्या मागे अख्खी गल्ली, काठ्या-बादल्यांसकट. काका पळाले नाहीत. गल्ल्यापुढच्या धुळीत गुडघ्यांवर बसले, डोकं खाली घातलं आणि म्हणाले, "भाऊ, मारायचं तर मार. पण पोरीच्या लग्नाला येऊ दे."

पप्पांना धाप लागलेली. ते तसेच काकांच्या अंगावर पडले आणि दोघं धुळीत बसून हुंदके देऊन रडायला लागले. मला इतका आनंद झाला की मी ताईला धरून जागच्या जागी उड्या मारत होते, आणि ताई रडत होती.

मास्तरांच्या त्या चारशेंनी काय केलं, ते मला तिथे कळलं. आधी सगळ्यांनी श्वास घेतला. मग काठीवाल्याने काठी मागे लपवली. खानदेशी भाऊ म्हणाला, "आग कोठे शे?" कुणीतरी सांगितलं की आग नाही. त्याने रडणाऱ्या दोघांकडे बघितलं, बादलीकडे बघितलं, मग ती त्यांच्यापुढे ठेवली. "तोंड धुई ल्या," म्हणाला. पप्पांनी ओंजळभर पाणी आधी काकांच्या तोंडावर मारलं. गल्लेवाल्याने चहा सांगितला.

तेवढ्यात मास्तर आले. नवागामात काकांच्या दाराला कुलूप बघून तसेच परत फिरलेले, शर्ट घामाने चिंब. गर्दीतून सायकल ढकलत पुढे आले, काकांना बघितलं, आणि बाकी कशाकडेही न बघता डोळे मिटून सुरू केलं, "याकोब फार घाबरला होता..."

"मास्तर," काका पप्पांच्या लुंगीच्या टोकाने तोंड पुसत म्हणाले, "ते मला ठाऊक हाये. लग्नाला किती वाजता यायचं तेवढं सांगा."